माशांची पत्रिका

लातुरात शोभेच्या माशांच्या दुकानात शिरले की टाक्यांच्या वर भिंतीला एक रंगीत तक्ता हमखास दिसतो. वरच्या आडव्या ओळीत माशांची नावे, डावीकडच्या उभ्या ओळीत पुन्हा तीच नावे, आणि मधे चौकटींची जाळी. हिरवी चौकट म्हणजे हे दोन मासे एका टाकीत खुशाल ठेवा, पिवळी म्हणजे जरा जपून, लाल म्हणजे ठेवू नका. घरगुती मत्स्यालयावरच्या स्वस्त पुस्तिकांच्या शेवटच्या पानावरही हाच तक्ता थोड्याफार फरकाने छापलेला असतो. शाळेतल्या मत्स्यालयाच्या निमित्ताने आम्ही हा तक्ता बरीच वर्षे वापरला, त्यावर विसंबलो आणि त्यापायी मासेही गमावले. तेव्हा या तक्त्याची एकदा नीट तपासणी करावी असे वाटले. उत्तरपत्रिका तपासतो तशीच ती करू, म्हणजे जिथे गुण द्यायला हवेत तिथे ते देऊन.

पहिले गुण आधीच देऊन टाकू. ज्या घरात माशांविषयी काहीच माहिती नाही, तिथे हा तक्ता मोठे अनर्थ टाळतो. सोनमासा थंड पाण्याचा, त्याला उष्ण प्रदेशातल्या माशांबरोबर ठेवू नका. फायटरचे दोन नर एकत्र आणू नका. ऑस्करच्या टाकीत गप्पी सोडणे म्हणजे त्याला जेवण वाढणे. एवढे जरी माणूस शिकला तरी पुष्कळ झाले. तक्रार आहे ती पुढच्या पायरीवरची. लाल चौकटींवर विश्वास ठेवावा, हिरव्यांवर ठेवू नये, असा आमचा अनुभव आहे.

लग्नाच्या पत्रिका जुळवतात तसाच हा प्रकार. दोन पत्रिका शेजारी मांडायच्या, गुण मोजायचे, छत्तीसपैकी किती जुळले ते सांगायचे. मुलगा-मुलगी कोणत्या घरात राहणार, घरात पाणी येते की नाही, सासरी माणसे किती, हे पत्रिकेत कुठेच नसते. गंमत अशी की मराठीत छत्तीस गुण म्हणजे पूर्ण जुळणी, आणि छत्तीसचा आकडा म्हणजे कायमचे वैर. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून उभे असतात म्हणून. आमच्या टाकीत या दोन्ही छत्तिसांची गाठ पडली.

टाकी होती दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबाने ५४ लिटर. पण तळाची वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी सुमारे ४० लिटर. तक्ता हातात घेऊन आम्ही प्रत्येक जातीची एकेक जोडी आणली. निऑन टेट्रा दोन, विडो टेट्रा दोन, टायगर बार्ब दोन, झेब्रा दोन, एंजल दोन, मॉली दोन. बारा मासे, सहा जाती, आणि सहा जातींच्या पंधरा जोड्यांपैकी बहुतेक चौकटी हिरव्या. एंजल आणि टायगर बार्बची चौकट तेवढी पिवळी होती. मुले खूश होती, कारण प्रत्येक गटाला 'आपली' जोडी मिळाली होती. आम्हीही खूश होतो, कारण 'प्राण्यांतील विविधता' हा पाठ आता काचेमागे पोहत होता.

पहिल्या आठवड्यात दोन्ही निऑन गेले. पंधरा दिवसांत एंजलचे लांब पर दोऱ्यासारखे झाले. टायगर बार्ब येता-जाता त्यांचे लचके तोडत. दोन झेब्रांपैकी एक दुसऱ्याला दिवसभर पिटाळून लावी, आणि तो दुसरा पंपाच्या नळीमागे जाऊन बसे. विडो टेट्रा कोपरा सोडेनात. सुखात होत्या त्या फक्त मॉली. एका मुलाने विचारले, "सर, तक्त्यात तर सगळे हिरवे होते ना?" हा लेख त्या प्रश्नातून सुरू झाला आहे.

आता तक्त्याकडे माशांचा नव्हे तर गणिताचा कागद म्हणून पाहू. वरच्या इयत्तांच्या विद्यार्थ्यांना हे करायला सांगावे, तासभर उत्तम जातो. पहिली गोष्ट, हा तक्ता सममित आहे. एंजलच्या ओळीत निऑनखाली जो रंग, तोच निऑनच्या ओळीत एंजलखाली. पण खाणे, छळणे, घाबरवणे हे संबंध सममित नसतात. पूर्ण वाढलेल्या एंजलच्या तोंडात निऑन मावतो, निऑनच्या तोंडात एंजल मावत नाही. शिवाय दुकानातून आणलेला रुपयाएवढा एंजल आणि वर्षभराने झालेला तळहाताएवढा एंजल यांना तक्त्यात एकच चौकट आहे. तक्त्यातल्या माशांना वय नसते.

दुसरी गोष्ट, तक्ता नेहमी दोघांचाच विचार करतो. टाकीत मात्र सगळे एकाच वेळी असतात. अ आणि ब यांचे पटते, ब आणि क यांचे पटते, अ आणि क यांचेही पटते. म्हणून तिघांचे पटेल असे नाही. वर्गात तीन मुलांना एका बाकावर बसवणाऱ्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आमच्या लक्षात सर्वांत उशिरा आली. तक्त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी जाणारी चौकटींची रांग पाहा. त्यांत प्रत्येक मासा स्वतःच्याच जातीसमोर उभा असतो. झेब्रासमोर झेब्रा, टायगर बार्बसमोर टायगर बार्ब. बहुतेक तक्त्यांत ही रांग नुसती काळी भरलेली असते किंवा कोरी सोडलेली असते, जणू तिथे विचारण्यासारखे काही नाही. घोळक्याने राहणाऱ्या माशांच्या बाबतीत मुख्य प्रश्न नेमका त्याच रांगेत दडलेला असतो, आणि त्याचे उत्तर रंगात देता येत नाही. ते आकड्यात द्यावे लागते. किती?

घोळका आणि कवायत यांत फरक केला पाहिजे. टोनी पिचर या मत्स्यशास्त्रज्ञाने १९८३ साली या शब्दांच्या व्याख्या नेटक्या करून मांडल्या. एकमेकांच्या सोबतीसाठी जवळ राहणारे मासे म्हणजे घोळका. त्यांची तोंडे एका दिशेला असतीलच असे नाही. त्याच घोळक्याने एकाच दिशेने, एकाच वेगाने, एकदम वळत पोहायला सुरुवात केली की ती कवायत. दुकानात "हे ग्रुपमध्ये राहतात" असे जे सांगतात ते पहिल्या अर्थाने. घरच्या टाकीत निवांत असलेले मासे कवायत क्वचितच करतात. दिवसभर घट्ट कवायत करणारा गट पाहून लोक वाहवा करतात, पण पुष्कळदा तो घाबरलेला गट असतो.

मासे घोळक्याने राहतात ते कशासाठी? विल्यम हॅमिल्टन याने १९७१ साली यावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, कळपातला प्रत्येक प्राणी दुसऱ्याला आपल्या आणि शिकाऱ्याच्या मधे ठेवू पाहतो. प्रत्येकाच्या या आपमतलबी हालचालींतूनच कळप घट्ट होतो. बाजूला एकटे पडणे हाच धोका. त्यानंतर १९७४ साली नील आणि कलन या दोघांनी हे प्रयोगाने तपासले. माकूल, सेपिया, पाइक आणि पर्च अशा चार शिकाऱ्यांपुढे त्यांनी कधी एक, कधी सहा, तर कधी वीस मासे सोडले. घोळका वाढला तसे चारही शिकाऱ्यांचे हल्ले जास्त फसू लागले. एकसारखे दिसणारे पुष्कळ मासे डोळ्यांसमोर हलले की शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही.

आता यापुढचा प्रयोग पाहा, कारण आमच्या 'प्रत्येकी दोन' या पद्धतीवर तो सरळ येऊन पडतो. १९८६ साली लँडो आणि टेरबर्ग यांनी रुपेरी मिनो माशांच्या गटात एक-दोन मासे निळ्या रंगाने रंगवून सोडले. आठ सारख्या मिनोंपुढे बास जातीचा शिकारी मासा बहुतेक हतबल होत असे. त्या आठांत एक-दोन निळे येताच त्याची शिकार पुन्हा जमू लागली. आणि केवळ निळेच नव्हे, साधे मिनोसुद्धा जास्त सापडू लागले. घोळक्यात वेगळा दिसणारा स्वतःही धोक्यात येतो आणि इतरांनाही आणतो. म्हणून लहान माशांना आपल्यासारखेच दिसणारे सोबती हवे असतात. आमच्या टाकीत बारा मासे होते खरे, पण प्रत्येकाला 'आपल्यासारखा' एकच. बारा माशांचा घोळका आम्ही आणला असे आम्हांला वाटत होते. माशांच्या हिशेबाने आम्ही सहा एकाकी जोड्या आणल्या होत्या. टाकीत शिकारी नव्हता हे आम्हांला ठाऊक होते. त्यांना ते कोण सांगणार?

टायगर बार्बचा बदनाम स्वभावही याच उजेडात वेगळा दिसतो. दोनतीनच असले की ते शेजाऱ्यांचे पर तोडतात. आठदहा असले की त्यांची बरीचशी खोडी आपापसांत जिरते. कोण वरचढ हे ठरवण्यात त्यांचा दिवस जातो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड आणि टायगर बार्ब हे मासे वेगवेगळ्या आकारांच्या गटांत ठेवून पाहिले, तेव्हा मोठ्या गटांत ते जास्त वेळ एकत्र पोहताना आढळले. तेव्हा 'टायगर बार्ब भांडखोर आहे' हे विधान माशाविषयी नसून संख्येविषयी आहे. तक्त्याने ते माशाच्या नावावर मांडले आणि संख्या गाळली. (तरीही लांब परांच्या एंजलशेजारी टायगर बार्ब आम्ही आठ काय, अठरा असले तरी ठेवणार नाही.)

हे सारे मुलांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा टाकीतच दाखवता येते. दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्या. टाकीतलेच पाणी भरून एकीत एक झेब्रा, दुसरीत पाच झेब्रे ठेवा, आणि बरण्या टाकीच्या दोन टोकांना उभ्या करा. मधे एक झेब्रा मोकळा सोडा. दहा मिनिटे थांबा, मग दहा मिनिटे दर पंधरा सेकंदांनी तो कोणत्या टोकाला आहे याची नोंद करा. मग बरण्यांच्या जागा बदलून पुन्हा नोंद करा. काहींना उजेडाची बाजूच आवडते, ते या अदलाबदलीतून कळते. बरणीतले मासे अर्ध्या तासावर ठेवू नयेत. आमच्या मुलांनी हे पुन्हापुन्हा केले. मोकळा मासा बहुतेक वेळा पाचांच्या बरणीला नाक लावून असे. नंतर एका मुलीने पाच झेब्रांसमोर पाच मॉली ठेवून पाहण्याची सूचना केली. ती आमच्या डोक्यात आली नव्हती.

ही आवड जन्मजातच असते असेही नाही. झेब्रामाशाचा पट्टे नसलेला एक प्रकार प्रयोगशाळेत आहे. एंगेझर, रायन आणि पॅरिची यांनी २००४ साली दाखवले की लहानपणापासून पट्टे नसलेल्यांत वाढलेला पट्टेरी झेब्रा मोठेपणीही पट्टे नसलेल्यांच्याच घोळक्याकडे जातो. 'आपल्यासारखा' म्हणजे कोण, हे तो बालपणी शिकतो. मानसशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना हे ऐकवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

इथवर तक्त्यात काय चुकीचे आहे ते पाहिले. आता त्यात काय नाहीच ते पाहू. पाणी नाही. माशांच्या पत्रिकेत पाण्याचा रकाना नसावा याला काय म्हणावे?

लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेले गाव. बोअरचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून येते आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. साबणाला फेस येत नाही, चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, हे घरोघरी माहीत आहे. कनिष्ठ महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी ईडीटीए वापरून आमच्या बोअरच्या पाण्याची दुष्फेनता मोजून दिली. ती लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास भरली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगले आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल असे धरले आहे; म्हणजे माणसाला हे पाणी चालते. निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला, जिथले पाणी पावसासारखे सुफेन आणि आम्लधर्मी असते. आज दुकानात येणारे निऑन माणसाने पैदास केलेले असतात आणि ते पूर्वजांपेक्षा बरेच सोशिक झाले आहेत हे खरे. तरी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात दहा मिनिटांत ओतलेला मासा किती सोसणार? उलट मॉलीचे मूळ घर मेक्सिकोकडचे. तिला दुष्फेन पाणीच मानवते. आमच्या टाकीत मॉली का मजेत होत्या ते आता उमगले.

याहून गंभीर भाग रसायनशास्त्राचा आहे. मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात. जुन्या टाकीत वाळूवर आणि फिल्टरवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे व्हायला तीनचार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साठतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक अमोनियम आयन आणि दुसरा मुक्त अमोनिया. त्यातला मुक्त अमोनिया फार विषारी. या दोहोंचे प्रमाण सामू आणि तापमान ठरवतात. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा सुमारे ०.८ टक्का भाग मुक्त असतो. त्याच तापमानाला सामू ८ झाला की हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास जाते. साडेआठला ते २० टक्क्यांवर पोहोचते. म्हणजे तोच मासा, तेवढेच खाद्य, तेवढाच कचरा. पण लातूरच्या अल्कधर्मी, उन्हाळी पाण्यात विष दसपटीने. त्यात उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. आमच्या उंचीवर आणखी थोडा कमी. आणि ऐन एप्रिलच्या दुपारी वीज गेली की हवेचा पंप बंद. हिरव्या चौकटी छापणाऱ्याने हे गृहीतच धरलेले नाही.

पुस्तिकांतला दुसरा लाडका नियम म्हणजे गॅलनला एक इंच मासा. त्याबद्दल फार लिहीत नाही. एकेक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा या नियमाने सारखे ठरतात. लांबी दहापट झाली की आकारमान हजारपट होते, हे आठवीतला विद्यार्थी सांगेल. म्हणजे दहा लहानग्यांच्या मानाने तो एक मासा शंभरपट. दुकानात 'शार्क' म्हणून बोटभर लांबीचा जो रुपेरी मासा विकतात, तो पंगासच्या कुळातला असतो आणि मीटरभर वाढू शकतो. त्याला हा नियम किती इंचांनी मोजणार? आणि रंगाची टोचणी देऊन गुलाबी-निळे केलेले विडो टेट्रा किंवा काचमासे कोणी विकत असेल तर ते मुळीच घेऊ नयेत. कारण वर सांगितले आहे.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यामुळे या तक्त्याविषयी आमचे मत कायमचे बदलले. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. घराघरांत टँकरच्या पाण्याचा हिशेब कळशी-हंड्याने होत होता. त्या दिवसांत एक पालक शाळेत आले, टाकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही मासे पाळता?" त्यांच्या घरी दहाबारा दिवसांनी पाणी येत होते. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्या आठवड्यात मुलांनी हिशेब मांडला. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचे म्हणजे ८ लिटर. शिवाय कोरड्या हवेत टाकीची पातळी रोज सुमारे अर्धा सेंटिमीटर उतरत होती. ६० गुणिले ३० गुणिले अर्धा, म्हणजे रोज ९०० मिलिलिटर. उडून जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. ही तूट बोअरच्या पाण्याने महिनाभर भरली तर २७ लिटर पाण्यातले क्षार ४० लिटरांत येऊन पडतात, आणि ४०० ची दुष्फेनता ६७० च्या घरात जाते. पाणी बदलले नाही तर मासे क्षारात आणि नायट्रेटमध्ये मुरतात. बदलावे तर पाणी कुठून आणायचे? मुलांनी वरच्या काचेच्या फटी बंद केल्या, म्हणजे उडणे कमी झाले. काढलेले पाणी तुळशीला आणि कडुनिंबाच्या रोपांना घातले. नायट्रेट झाडांना खत म्हणून चालते. खाद्य निम्म्यावर आणले, कारण खाद्य कमी म्हणजे अमोनिया कमी. आणि मुख्य म्हणजे माशांची संख्या ठरवण्याचा नियमच त्यांनी बदलला. टाकीत किती मासे मावतात हे विचारायचे नाही, तर मे महिन्यात आठवड्याला किती लिटर पाणी निर्धास्तपणे देता येईल हे विचारायचे आणि तेवढेच मासे ठेवायचे. कोणत्याही पुस्तिकेत हा नियम आम्हांला सापडलेला नाही. ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी असते त्यांनी लिहिलेल्या पुस्तिका आहेत त्या.

त्या पालकांना आम्ही हा हिशेब दाखवला. त्यांना तो पटला असे म्हणता येणार नाही. पण ते पाहून गेले.

मग लातूरसारख्या गावी, दोन फुटी टाकीत कोणता घोळका ठेवावा? आमचे मत झेब्राच्या बाजूने आहे. मासा चार सेंटिमीटरचा, चपळ, सोशिक. निसर्गात थंडीत १६-१७ अंशांपासून उन्हाळ्यात पस्तिशीपलीकडच्या पाण्यापर्यंत आढळलेला. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायझिंगर याने त्याला प्रयोगशाळेत आणले आणि १९८१ साली त्याच्या हुबेहूब जनुकीय प्रतिकृती तयार करून दाखवल्या. २०१३ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे जोडीदार त्याच्यात सापडले. हैदराबादच्या सीसीएमबीतही त्याच्यावर संशोधन चालते. दुकानातला हा सर्वांत स्वस्त माशांपैकी एक, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. आठ ते दहा झेब्रे, दुसरी जात नाही. वर झाकण हवेच, तो उडी मारतो. टाकी एकजिवाणूंनी मुरू द्यावी. आधी तीन, मग महिन्याभराने बाकीचे आणावेत असा सल्ला काही पुस्तिका देतात, पण घोळक्याच्या माशाला तीनांत महिना काढायला लावणे आम्हांला बरे वाटत नाही. जुन्या टाकीतला मूठभर फिल्टरचा स्पंज आणून नवी टाकी आधी मुरवावी आणि मग सगळे एकदम सोडावेत, पहिले काही आठवडे खाद्य अगदी चिमूटभर ठेवून. दुसरी जात हवीच असेल तर दुष्फेन पाणी मानवणारे प्लॅटीचे तीनचार नर चालतील. नरच म्हणतो, कारण माद्या आणल्या की दोन महिन्यांत हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

आपल्या मांजरा-गोदावरीतल्या लहान माशांचा मोह होतो. घोळक्याने राहणारे रासबोरा आणि ठिपक्यांचे छोटे बार्ब आपल्याकडे आहेतच. पण ओढ्यातून धरून आणलेला मासा आजार घेऊन येतो आणि टाकीत खाईनासा होतो. मुलांना ते ओढ्याकाठीच पाहू द्यावेत, आणि कोळ्यांकडून त्यांची नावे लिहून घ्यायला लावावीत. कर्नल साइक्स याने हेच केले होते. दख्खनच्या माशांचे वर्णन करताना त्याने १८३९ साली इथल्या लोकांच्या तोंडची नावे शास्त्रीय नावांत घातली. मुल्या, खुद्री, बोगट, कोळस ही नावे आजही लॅटिनच्या पंगतीत बसलेली आहेत. टाकीतला मासा मात्र उलट दिशेने ओढ्यात जाऊ नये. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही घोषणा वाचून वाढलेल्या पिढीला नको झालेला मासा विहिरीत सोडणे पुण्याचे वाटते. काचेवरचे शेवाळ खायला आणलेला सकर मासा असाच सुटून देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे.

२०१६ च्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांनी स्वतःचा तक्ता काढला. त्यात रंग नाहीत. तिरक्या रांगेत प्रत्येक माशापुढे किमान संख्या लिहिली आहे: झेब्रा ८, टायगर बार्ब ८, निऑन १०, फायटर नर १. उजवीकडे एक जादा रकाना जोडला आहे, त्याचे शीर्षक 'लातूरचे पाणी'. मॉली आणि प्लॅटीपुढे 'चालेल', झेब्रापुढे 'चालेल, मे महिन्यात सावली'. निऑनपुढे आम्ही 'नाही' लिहायला सांगितले होते. एका मुलीने ते खोडून 'छतावरचे पावसाचे पाणी साठवले तर?' असे लिहिले. पावसाचे पाणी सुफेन असते हे तिला आम्हीच शिकवले होते. त्या वर्षी सप्टेंबरात लातुरात भरपूर पाऊस झाला आणि तिने शाळेच्या पन्हळीखाली दोन कॅन भरून ठेवले. त्यांतल्या पाण्याची दुष्फेनता मोजायचे काम तेवढे तिने आमच्याकडे दिले होते.